आधी पानं मोजा

आपल्याकडे लग्न ठरलं की बैठकीत याद्या होतात. हॉल कोणाचा, जेवण कोणाचं, कपडे किती जणांना, हे कागदावर उतरतं, कागदाला हळदकुंकू लागतं आणि दोन्हीकडची वडीलधारी माणसं सह्या करतात. या याद्यांनी हुंड्यालाही पुष्कळ वर्षं आसरा दिला. 1961च्या कायद्यानं तो देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे; तो विषय कागदावर नको आणि बोलण्यातही नको. पण खर्चाची वाटणी लिहून काढण्याची रीत मात्र शहाणपणाची आहे. आता ‘खर्च निम्मा निम्मा’ असं तोंडी ठरतं आणि पहिली चूक तिथेच होते. निम्म्यात फोटोग्राफर धरला का? सीमांतपूजनाचं जेवण? वऱ्हाडाच्या गाड्या? लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात हा प्रश्न निघाला की कोणीतरी एक बाजू गप्प बसून पैसे भरते आणि ते मनात वर्षानुवर्षं राहतं.

घरातल्या बऱ्याच लग्नांची वही माझ्याकडे असायची, म्हणून सांगते: अंदाज एकूण रकमेपासून करू नका, पानांपासून करा. ‘सात लाखांत बसवू’ असं ठरवून मग त्याचे तुकडे पाडले तर प्रत्येक तुकडा मनाजोगता लहान धरला जातो. माणसांची संख्या मात्र तशी लपत नाही. जेवण, खुर्च्या, पत्रिका, गाड्या, खोल्या, हॉलचा आकार, सगळं तिच्यावर ठरतं.

संख्या काढायची तीही पत्रिकांवरून नव्हे. एका पत्रिकेमागे एका घरातून एक जण येतो, दुसऱ्यातून सहा. गावाकडे घरटी एकाचं आमंत्रण वेगळं आणि चूलबंद आमंत्रण वेगळं, हे सगळ्यांना कळतं. तसंच प्रत्येक नावापुढे किती माणसं येतील ते लिहा. मग दुसरा कागद घ्या आणि त्यावर जेवणं लिहा, कारण लग्नात जेवण एक नसतं.

समजा, लग्नाच्या पंगतीला 400 माणसं आणि पानाचा दर 350 रुपये. झाले 1,40,000. बहुतेक वह्यांत एवढाच आकडा असतो. पण आदल्या संध्याकाळी हळद, सीमांतपूजन असतं, तेव्हा 120 माणसं जेवणार. 200 रुपयांनी 24,000. सकाळी त्याच 120 जणांचा चहा-नाश्ता 80 रुपयांनी 9,600. फोटोग्राफर, वाजंत्री, गाड्यांचे ड्रायव्हर, मांडववाले अशी 35 माणसं जेवल्याशिवाय जाणार नाहीत आणि जाऊही नयेत, ती 12,250. लांबचे 50 पाहुणे रात्री थांबले तर 10,000. वरचे मिळून 55,850, म्हणजे एकूण 1,95,850. उधळपट्टी कुठेही झाली नाही, तरी आकडा मूळच्यापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी वाढला. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात आदल्या रात्रीचं जेवणच आम्ही धरलं नव्हतं. संध्याकाळी सहाला मामा पैसे काढायला एटीएम शोधत फिरत होते, तो चेहरा मी विसरलेले नाही.

केटरर किमान पानांची हमी मागतो. 400ची हमी दिली आणि 330 जेवले तरी पैसे 400चे जातात. म्हणून हमी थोडी कमी द्या, वरच्या पानांचा दर आधीच ठरवून घ्या आणि ताटं मोजायला दोन्हीकडचा एकेक जण उभा करा. दरात जीएसटी धरला आहे की वेगळा, पाण्याच्या बाटल्या आणि वाढपी त्यात आले का, हेही विचारा.

कार्यालयाचं भाडं म्हणजे कार्यालयाचा खर्च नव्हे. भाडं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचं, हे पाहा. आदली संध्याकाळ अनेकदा वेगळी लावतात. वीज मीटरवर, जनरेटरचं डिझेल वेगळं, स्वच्छतेचे पैसे वेगळे आणि बाहेरचा डेकोरेटर आणला तर त्याची रॉयल्टी. हे सगळं शेवटी अनामत रकमेतून वळतं होतं. ताबा घेताना मीटरचा फोटो काढून ठेवा. तारखेत लवचीकता असेल तर काढीव मुहूर्ताचा विचार जरूर करा. तुळशीच्या लग्नानंतरच्या ठरावीक तारखांवर सगळे तुटून पडतात आणि त्या दिवशी ना कार्यालयवाला घासाघीस ऐकतो ना बँडवाला.

सोन्यात चूक होते ती वेगळ्या प्रकारची. वजनाला भावानं गुणायचं आणि थांबायचं, ही. हिशेब सोपा राहावा म्हणून ग्रॅमला 10,000 रुपये भाव धरू. मंगळसूत्र, पाटल्या मिळून 40 ग्रॅम म्हणजे 4,00,000. त्यावर घडणावळ समजा 12 टक्के, 48,000. मग या दोन्हींच्या बेरजेवर 3 टक्के जीएसटी, 13,440. पावती होते 4,61,440 रुपयांची. दागिना जितका नाजूक कामाचा, तितकी घडणावळ जास्त आणि पुढे कधी मोडायची वेळ आली तर ती परत मिळत नाही. घरातलं जुनं सोनं देणार असाल तर त्याची शुद्धता आणि घट आधी काढून घ्या, आजीच्या बांगड्यांचं वजन मनानं धरू नका.

बस्ता बांधायला जाण्याआधी मानपानाची नावं लिहून काढा. दुकानात बसल्यावर नावं आठवू लागली की हात आखडत नाही. साडीच्या किमतीत फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई मिळवा. दक्षिणा, हार-गजरे, कानपिळी, ड्रायव्हरांची बक्षिसं यांसाठी सुट्या नोटांची पाकिटं करून एका जबाबदार माणसाकडे द्या. एवढं सगळं धरल्यावरही बेरजेच्या दहा टक्के रक्कम कुठल्याही खात्यात न टाकता बाजूला राहू द्या.

आता पैसे येणार कुठून? ‘आहेर येईल, त्यातून भागेल’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. आहेर येतो लग्नाच्या दिवशी आणि पैसे द्यायचे असतात त्याच्या आधी. शिवाय आहेराची वही ठेवतात ती परतफेडीसाठीच. आलेला आहेर पुढे कोणाच्या तरी मांडवात फेडायचा असतो. कर्जाचंही तसंच. पाच लाख रुपये 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 11,122 रुपये बसतो आणि एकूण 6,67,000च्या वर परत जातात. नव्या संसाराचं घरभाडं भरायचं त्याच महिन्यांत हा हप्ता जाणार. तो कोण फेडणार, मुलगा-मुलगी की आईवडील, हे कर्ज काढण्यापूर्वी त्या चौघांनी एकत्र बसून बोलावं. कर्ज नको असेल तर खर्चच कमी करावा. कमी खर्चात लग्न लावणं आपल्याला नवं नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला 1873 मध्ये आणि सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न त्याच वर्षी लागलं. नोंदणी पद्धतीनं लग्न करून फक्त जवळच्यांना जेवण देणाऱ्या घरांकडे कोणी कमीपणानं पाहू नये असं मला मनापासून वाटतं.

पैसे देताना पावती घ्या आणि लग्न पुढे ढकललं तर आगाऊ रकमेचं काय, हे तिच्यावर लिहून घ्या. आयकर कायद्यानुसार एका समारंभासाठी एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हप्ते पाडले तरी बेरीज धरली जाते आणि दंड घेणाऱ्याला होतो. म्हणून केटररनं किंवा सराफानं मोठी रोख मागितली तर सरळ बँकेतून द्या.

लग्न झाल्यावर आणखी एक यादी करायची असते. हुंडाबंदीच्या कायद्याखालच्या 1985च्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला मिळालेल्या भेटवस्तूंच्या वेगवेगळ्या याद्या ठेवाव्या लागतात: वस्तू, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि खाली दोघांच्या सह्या. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूकडे राहते, वराची वराकडे. दागिन्यांच्या पावत्या वधूच्या यादीबरोबरच ठेवा आणि मुलीनं या सगळ्याची एक प्रत स्वतःच्या नावाच्या फाइलमध्ये लावावी, पाठवणीच्या गडबडीत नाही जमलं तर त्याच आठवड्यात.