दूधसागरला जाताय? रुळांवरून नको!

पावसाळा लागला की बेळगाव-खानापूरची पोरं कॅसलरॉकला उतरून रुळांवरून चालत दूधसागरला निघतात. हे जिवावर बेतू शकतं आणि गुन्हाही आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सरळ वाट गोव्यातल्या कुळेहून, जीपनं. पावसात जीप बंद असतात, म्हणून ऑक्टोबरनंतर चौकशी करूनच निघा.

आणि कचरा परत आणा. हे मोलेचं राखीव जंगल आहे. इथलं पाणी खांडेपार नदीतून ओपाला जातं. तिथं शुद्ध होऊन फोंडा-पणजीच्या नळाला येतं. आपण फेकलेली बाटली कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातच पडते.