पाण्यासाठी फोन कुणाला लावायचा? ठिपके, बाण आणि तिवरे

आज ऐकताना एक कागद आणि पेन जवळ ठेवा. वाचत असाल, तरीही ठेवा.

२ जुलै २०१९ ची रात्र आठवतेय? चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. धरणाला गळती लागलीये, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे माहिती होती. मग अडलं कुठे?

असे प्रश्न ‘नेटवर्क ॲनालिसिस’ने तपासता येतात. नाव भारी, काम सोपं. पाण्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाचा एक ठिपका काढायचा: वाडी, सरपंच, ग्रामसेवक, पंचायत समिती, तहसीलदार, पाटबंधारे खातं. मग प्रत्येकाला विचारायचं, “गेल्या सहा महिन्यांत पाण्यासाठी कुणाशी बोललात? उत्तर कुणाकडून आलं?” बोलणं झालं, तिथे बाण.

आता बाण बघा. वाडीकडून ऑफिसकडे बाण जातो, पण परत येत नाही? म्हणजे ओळख आहे, सहकार्य नाही. तक्रार ‘पोचली’ आणि तक्रारीवर ‘काही झालं’, यातलं अंतर इथे डोळ्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट, पूल. आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात काही वाड्यांना टँकर लागतो. समजा, वाडी आणि तालुक्याच्या मध्ये एकटा ग्रामसेवकच पूल आहे. त्याची बदली झाली, की वाडी तुटली! चांगला माणूस असणं पुरेसं नाही, दुसरी वाटही हवी.

तिसरी गोष्ट, कोण सुटलं? जलजीवन मिशनमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. पण विहिरीवर जाणाऱ्या बाईला कुणी विचारतं का? तिच्या ठिपक्याला बाणच नसेल, तर समिती फक्त कागदावर आहे.

जाळं काढलं असतं तर तिवरे वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. धरण टिकतं ते वेळेवरच्या दुरुस्तीनं. पण दुरुस्तीचा निर्णय कुठल्या ठिपक्यावर अडतोय, ते पावसाआधी कळायला हवं.

तर होमवर्क: आपल्या वाडीचे दहा ठिपके काढा. एकेरी बाण लाल पेनाने रंगवा. आणि तो कागद घेऊन पुढच्या ग्रामसभेला जा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!