अपघातानंतर गाडी कोण ओढणार, कुणाच्या परवानगीनं? क्रेनवाल्यांच्या जबाबदाऱ्या काय आहेत

निपाणी : पुणे-बेंगळुरू महामार्गावर अपघात झाला की कधी कधी रुग्णवाहिकेच्या आधी क्रेन पोहोचते. ढाबेवाल्यानं नाहीतर पंक्चरवाल्यानं कुणीतरी फोन केलेला असतो. वाहतूक लवकर मोकळी होते, हे खरं. पण घाईत लावलेला हुक गाडीमालकाला किती महागात पडतो, हे आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी गेल्या पावसाळ्यात अनुभवलं.

तवंदी घाटाच्या उतारावर त्यांची कार पुढच्या ट्रकला धडकली. बायकोच्या हाताला लागलं म्हणून ते तिला घेऊन दवाखान्यात गेले. दोन तासांनी परत येऊन बघतात तर गाडी जाग्यावर नाही. चौकशी केल्यावर कळलं, एका क्रेनवाल्यानं ती ओढून हद्दीपलीकडे, कागलच्या बाजूला एका यार्डात नेऊन लावली आहे. ना पोलिसांनी सांगितलेलं, ना मास्तरांनी. 'अठरा हजार द्या, गाडी न्या.' घासाघीस करून बारा हजारांवर मिटलं, पावती नाही. पंचनाम्याला पोलीस आले तेव्हा घटनास्थळी फक्त काचा होत्या.

मास्तर विचारतात, 'मी गाडी दिलीच नव्हती, तर त्यानं नेली कशी?' प्रश्न रास्त आहे. खासगी क्रेनवाल्यांसाठी आपल्याकडे एकच असा वेगळा कायदा नाही. त्यांच्या जबाबदाऱ्या मोटार वाहन कायदा, करार कायदा आणि फौजदारी कायदा यांत विखुरल्या आहेत. त्या एकत्र मांडायचा हा प्रयत्न.

आधी माणूस

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी गाडीच्या चालकावर किंवा गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर असते. पोलीस हजर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत माहिती द्यावी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवावं लागतं. मास्तर बायकोला आधी दवाखान्यात घेऊन गेले, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

क्रेनवाला आधी पोहोचला आणि त्यानं केबिनमध्ये अडकलेल्याला बाहेर काढलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं. चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही कमी-जास्त झालं म्हणून कारवाई होत नाही. पण हे कवच माणसाला वाचवण्यापुरतं आहे. पैसे घेऊन गाडी ओढणं हा धंदा झाला, त्याला ते लागू नाही.

हुक लावायची परवानगी कुणाची?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कलम १२७ प्रमाणे, मोडलेली, जळालेली किंवा सोडून दिलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल तर ती टोइंग सेवेमार्फत ताबडतोब हलवण्याची परवानगी पोलीस अधिकारी देऊ शकतो. तोही त्या हद्दीचा असावा लागतो. निपाणी हद्दीतल्या गाडीसाठी कागलच्या पोलिसानं फोनवर 'उचल' म्हटलं तर ती परवानगी धरली जात नाही. अशी अधिकृत परवानगी असेल तर टोइंगचा खर्च गाडीमालकावर बसतो, हेही त्याच कलमात आहे.

दुसरा मार्ग म्हणजे मालकानं किंवा चालकानं स्वतः क्रेन बोलावणं. किरकोळ ठोकर असेल, कुणाला लागलं नसेल, तर तसं चालतं. मात्र कुणी जखमी किंवा मृत असेल तर पोलिसांनी फोटो, मोजमाप, पंचनामा केल्याशिवाय गाडी हलवू नये. ब्रेकच्या खुणा आणि गाडी कुठल्या दिशेनं तोंड करून उभी होती, यावरच पुढे चूक कुणाची ते ठरतं. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी जाणूनबुजून पुरावा नाहीसा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ लागू शकतं.

रस्ता अडला म्हणून घाई झाली, असं कारण नेहमी सांगितलं जातं. पण कलम २०१ चा दंडसुद्धा अपघातग्रस्त गाडीला तपासणीच्या औपचारिकता पूर्ण झाल्यानंतरच लागू होतो.

हद्द ओलांडताना

'परमिट नाही, म्हणून पलीकडे येत नाही,' असं काही क्रेनवाले सांगतात आणि मध्येच दुसरी क्रेन लावून दुप्पट भाडं घेतात. कलम ६६ प्रमाणे केवळ बंद पडलेली वाहनं ओढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला परमिटची सक्ती नाही. नोंदणी, फिटनेस, विमा आणि चालकाचा परवाना मात्र लागतोच. दोर किंवा साखळी बांधून ओढायचं असेल तर दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या वर जाता कामा नये.

तरीही पोलीस प्रकरण झालेली गाडी पोलिसांच्या परवानगीशिवाय हद्दीपार नेऊ नये. जप्त गाडी सोडवण्याचे कागद अपघात जिथं झाला तिथल्याच ठाण्यात आणि कोर्टात होतात. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे की जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात कुजत ठेवू नयेत. पंचनामा, फोटो आणि हमी घेऊन ती लवकर परत करावीत. आपल्या भागात आणखी एक अडचण असते. कर्नाटकातल्या ठाण्यात पंचनामा कन्नडमध्ये लिहिला जातो. वाचता येत नसेल तर समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

गाडी यार्डात गेल्यावर

बी.कॉम.ला असताना आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. त्यातला 'बेलमेंट' हा धडा तेव्हा नुसता पाठ केला. तो किती कामाचा आहे हे आता कळतं. दुसऱ्याची वस्तू एखाद्या कामासाठी ताब्यात घेणाऱ्यानं ती स्वतःच्या वस्तूसारखी जपली पाहिजे, असं कलम १५१ सांगतं. म्हणजे ओढताना गिअरबॉक्स फुटला, यार्डातून बॅटरी, स्टेपनी किंवा ट्रकमधला माल गेला, तर 'आम्ही फक्त ओढली' म्हणून हात झटकता येत नाहीत. जाणूनबुजून माल लांबवला तर तो फौजदारी विश्वासघात होतो.

पैसे मिळेपर्यंत गाडी अडवता येते का? कलम १७० प्रमाणे, ताब्यात दिलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलेल्याला त्या कामाच्या योग्य मोबदल्यापुरती वस्तू राखून ठेवता येते. मनाला येईल त्या रकमेसाठी नाही. मास्तरांनी तर गाडी ताब्यात दिलीच नव्हती.

भरपाईचीही मर्यादा माहीत असू द्या. स्टँडर्ड पॉलिसीत जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेण्याचा खर्च खासगी कारला फार तर १,५०० रुपये आणि दुचाकीला ३०० रुपये मिळतो. वेगळं टोइंग कव्हर नसेल तर बाकीचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

एवढं लक्षात ठेवा

- राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, पोलीस व रुग्णवाहिकेसाठी ११२.
- गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. रस्त्यावरच्या खुणा आणि दोन्ही गाड्यांचे नंबर दिसले पाहिजेत.
- हुक लावण्याआधी भाडं किती आणि गाडी कुठं नेणार, हे मोबाइलवर मेसेज करून घ्या. क्रेनचा नंबर टिपा.
- गाडी सोडून दवाखान्यात जावं लागलं तर कुणाला तरी तिथं थांबवा, नाहीतर ११२ ला तसं कळवून जा.
- पावतीशिवाय पैसे देऊ नका. पावती नसेल तर विम्यात तेवढेही मिळत नाहीत.

सगळे क्रेनवाले असे नाहीत. याच घाटात रात्री-अपरात्री, पावसात उतरून माणसं बाहेर काढणारी पोरं आम्ही पाहिली आहेत. नियम पाळले तर अशा प्रामाणिक क्रेनवाल्यांचीही बदनामी टळेल. मास्तरांचा क्लेम शेवटी मंजूर झाला, पण टोइंगचा एक रुपयाही मिळाला नाही. 'बारा हजार गेले,' ते म्हणतात, 'पण आता गाडीत डायरी, पेन आणि चार्जर कायम असतो.'