चहाची सुटी आणि कामाचा शीण

पगार, बढती, बदली आणि महागाई भत्ता या विषयांवर आपण नोकरदार मंडळी तासन् तास बोलतो. परंतु दिवसातून दोनदा मिळणाऱ्या चहाच्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल कोणी गांभीर्याने बोलल्याचे ऐकिवात नाही. साहेबांच्या लेखी ती वेळ म्हणजे कामचुकारपणा, तर कर्मचाऱ्याच्या लेखी ती घसा ओला करण्यापुरती. आपल्या संस्थेचे अनेक सभासद बँक, पोस्ट, रेल्वे, महानगरपालिका, शाळा आणि रुग्णालयांत काम करतात. आज शिकत असलेली मुलेमुलीही उद्या तेथेच जाणार आहेत. म्हणून या दुर्लक्षित वेळेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील लिपिक आहे, मानसशास्त्राचा तज्ज्ञ नव्हे. वाचलेले आणि काउंटरच्या आतून पाहिलेले, एवढ्याच आधारावर हे लिहीत आहे.

प्रथम 'बर्नआऊट' हा शब्द पाहू. इंग्रजीत त्याचा अर्थ जळून संपणे असा होतो. आपण 'कामाचा वीट आला', 'जीव मेटाकुटीला आला' असे म्हणतो, त्याच्या जवळचाच हा प्रकार होय. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या विषयावर लेख लिहिला. पुढे क्रिस्टिना मास्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये हा शीण मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची व्याख्या स्पष्ट केली. त्यानुसार हा आजार नसून कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था आहे. दीर्घकाळ चाललेला आणि नीट न हाताळलेला ताण हे तिचे कारण. तिची लक्षणे तीन सांगितली आहेत : अंगातील शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन उडून जाणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे.

यातील दुसरे लक्षण ओळखायला सर्वात सोपे आहे. पेन्शनच्या नोंदीसाठी आलेल्या म्हाताऱ्या बाईला पूर्वी खुर्ची देणारा माणूस आता वर न पाहताच 'उद्या या' म्हणतो. त्याचा स्वभाव बिघडला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात कित्येकदा तो आतून रिकामा झालेला असतो. साधा थकवा रात्रीच्या झोपेने किंवा रविवारच्या सुटीने जातो. हा शीण मात्र रविवारी संध्याकाळी, सोमवारच्या नुसत्या आठवणीनेच पुन्हा अंगावर येतो.

बँकांपुरते बोलायचे तर गेल्या दहा-बारा वर्षांत कामाचे स्वरूप पार पालटले. २०१४ साली जनधन खाती आली. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि पुढील काही आठवडे रोखपालांनी कसे काढले ते त्यांच्या घरच्यांना विचारावे. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी क्षेत्रातील दहा बँका एकत्र येऊन चार झाल्या. नवी संगणक प्रणाली, नवे नियम आणि नवे सहकारी असे सगळे एकदम आले. त्याच्या जोडीला विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याची टार्गेट्स. शिक्षक आणि परिचारिका यांची कहाणी वेगळी असली तरी शीण हाच.

आता विश्रांतीच्या वेळेकडे वळू. ही वेळ कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी ही त्यातील मागणी आपल्याला माहीत असते. परंतु त्याच निवेदनात दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, अशीही मागणी होती. रविवारची सुटी १८९० मध्ये गिरणीमालकांनी मान्य केली, तर दुपारच्या अर्ध्या तासाला १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात स्थान मिळाले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या कारकिर्दीत, १९४६ साली, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सलग पाच तासांपेक्षा अधिक काम न घेता मध्ये किमान अर्धा तास विश्रांती देणे, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे कँटीन चालवणे, अशा तरतुदी केल्या.

अमेरिकेतील एक खटला येथे सांगण्याजोगा आहे. डेन्व्हर शहरात नेकटाय विणणारा एक लहान कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धामुळे तरुण कामगार मिळेनात, म्हणून मालकाने मोठ्या वयाच्या स्त्रिया कामावर घेतल्या. त्यांना काम झेपेना. त्यांनीच सुचवले की दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे कॉफीसाठी द्या. उत्पादन सुधारले, तेव्हा मालकाने ही सुटी सक्तीची केली, पण त्या अर्ध्या तासाचे वेतन मात्र देईना. १९५६ साली न्यायालयाने निर्णय दिला की या विश्रांतीचा लाभ मालकालाही होतो, सबब ती कामाचीच वेळ धरून वेतन द्यावे. पुढे अमेरिकेच्या नियमांत पाच ते वीस मिनिटांची सुटी पगारी गणली गेली. चहाला उठणारा कर्मचारी वेळ चोरतो, असे समजणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

वेळ मिळाली म्हणून शीण जातोच असे नाही. त्या वेळेत काय घडते, यावर सारे अवलंबून आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या पर्निल स्ट्रोबेक यांनी घटस्फोट, मुलांचा ताबा अशी प्रकरणे हाताळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर दुसऱ्यांची मोडलेली घरे पाहणारी ही माणसे कॉफीच्या टेबलावर आपली चीड, आपल्या शंका आणि आपला अनुभव एकमेकांपुढे मांडत, आणि त्या बळावर पुढच्या प्रकरणाला सामोरी जात. अधिकृत बैठकीत जे बोलता येत नसे, ते तेथे बोलता येई.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील एका बँकेच्या कॉल सेंटरचे आहे. फोन रिकामे राहू नयेत म्हणून तेथे एकावेळी एकालाच कॉफीसाठी सोडत. संशोधक अॅलेक्स पेंटलँड यांनी गटातील सर्वांना एकाच वेळी सोडण्याचे सुचवले. २०१२ साली त्यांनी लिहिल्याप्रमाणे, एक फोन निकाली काढण्यास लागणारा वेळ एकूण ८ टक्क्यांनी, आणि मागे पडलेल्या गटांत २० टक्क्यांहून अधिक कमी झाला. कर्मचाऱ्यांचे समाधानही वाढले. कॉफी पूर्वीचीच होती, फक्त ती सोबतीने घेतली जाऊ लागली.

२०२२ साली रोमानियातील संशोधकांनी लहान विश्रांतींवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. दहा मिनिटांपर्यंतच्या विश्रांतीने थकवा कमी होतो आणि उत्साह वाढतो, असे त्यांना आढळले. मात्र डोके शिणवणाऱ्या कामानंतर पूर्ववत काम होण्यास एवढा वेळ अपुरा पडतो, असेही त्यांनी नमूद केले. म्हणजे उभ्याउभ्या घेतलेल्या दोन घोटांकडून फार अपेक्षा नको.

आता आपल्या कचेऱ्या पाहा. आपल्याकडे चहा टेबलावर येतो. चहावाला काउंटरच्या कोपऱ्यावर ग्लास ठेवून जातो. एक डोळा संगणकाच्या पडद्यावर, एक हात नोटांवर, आणि मधूनच साय धरलेल्या चहाचा घोट. दिवसातून चार वेळा चहा होतो आणि सुटी एकदाही होत नाही. ही सोय वाटते खरी, पण माझ्या मते या टेबलावरच्या चहानेच आपली विश्रांती खाल्ली. शिवाय चहाचे प्रमाण वाढते ते वेगळे. चहा-कॉफीतील कॅफिन शरीरात कित्येक तास राहते. संध्याकाळी सहाच्या चहाने रात्रीची झोप उणावली, तर सकाळी पुन्हा चहाच लागतो. ज्यांना अशक्तपणा आहे, विशेषतः आपल्या भगिनींनी, जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. चहाच्या सुटीत चहा नाही घेतला तरी चालतो. उठून एकत्र बसणे मात्र टाळू नये.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. सोबतीने शीण हलका होतो हे मान्य केले, तर ज्याला सोबत मिळत नाही त्याचे काय? गावाकडच्या हॉटेलात बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. शहरातील कचेरीत कप वेगळा नसतो. पण 'चला चहाला' ही हाक कोणाला जाते आणि कोणाला जात नाही, हे ज्याला जात नाही त्याला बरोबर कळते. राखीव जागेवर लागलेला नवा मुलगा, शाखेतील एकटी स्त्री कर्मचारी, परप्रांतातून बदलून आलेला अधिकारी हे बहुधा त्या टेबलाबाहेर राहतात. आणि टेबलावर केवळ गप्पा होत नाहीत. चुकलेली नोंद प्रणालीत कशी परत फिरवायची, बढतीच्या परीक्षेला काय वाचायचे, कोणत्या शाखेत जागा रिकामी होणार, ही सारी माहिती चहाबरोबरच फिरते. बाहेर राहिलेल्याचा शीणही जात नाही आणि तो कामातही मागे पडतो. मग 'यांना काम येत नाही' असे म्हणायला लोक मोकळे! आपल्यापैकी जे आज वरिष्ठ पदांवर आहेत, त्यांनी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच स्वतः हाक मारावी. चहाचे कप धुणारी कंत्राटी बाई आणि दारावरचा सुरक्षारक्षक यांनाही बसून चहा पिता येतो का, तेही पाहावे.

लहान शाखेत सर्वांनी एकदम उठणे शक्य नसते, कारण रांगेतला ग्राहक लगेच मोबाईल काढून चित्रण सुरू करतो. तेथे दोन-दोन, तीन-तीन जणांच्या जोड्या कराव्यात. वेळ ठरलेली असावी आणि ती काउंटरवर लिहिलेली असावी. बरेच ग्राहक पंधरा मिनिटे थांबतात. किती वेळ थांबायचे हे कळले नाही की मात्र चिडतात. जोड्या महिन्याने बदलाव्यात, म्हणजे कंपू होत नाहीत. बसण्याची जागा काउंटरपासून दूर असावी, रेकॉर्ड रूमचा कोपराही चालेल. तेथे साहेबांनी टार्गेटचा विषय काढू नये. मोबाईल खिशात राहिला तर उत्तम. समोरासमोर बसून चौघे चार पडद्यांत पाहत असतील, तर ते एकत्र बसणे नव्हे. अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. दोन तासांनंतरची दहा मिनिटे रील्स पाहण्यात गेली, तर डोळे आणि डोके तिथेच अडकून राहतात. त्यापेक्षा बाहेर येऊन मित्राशी दोन शब्द बोलावेत.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. आठ जणांचे काम चौघांवर टाकायचे आणि वर 'चहा प्या, ताण घालवा' असा सल्ला द्यायचा, ही व्यवस्थापनाला स्वस्तात पडणारी युक्ती आहे. रिकाम्या जागा भरणे, कामाचे तास पाळणे आणि अवास्तव टार्गेट्स कमी करणे, या मागण्या युनियनमार्फत चालूच ठेवल्या पाहिजेत. त्या मागण्यांना तोंडही बहुधा चहाच्या टेबलावरच फुटते, हेही खरे. आणि एखादा सहकारी सोबत बसूनही गप्पच राहू लागला, रजा वाढू लागल्या, झोप उडाली किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा बोलू लागला, तर प्रकरण चहाच्या पलीकडे गेले आहे असे समजून त्याला डॉक्टरकडे न्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती मोफत असून चोवीस तास चालू असते, आणि तेथे मराठीतून बोलता येते.