वाळलेल्या झाडाचा फोटो काढताना फोन कुठे चुकतो?

कसबा बावड्यातून राजाराम बंधाऱ्याकडे जाताना ऊस तुटून गेला की शेतं एकदम मोकळी दिसायला लागतात. मागच्या फेब्रुवारीत तिथे एका बांधावर एकही पान नसलेलं झाड दिसलं. मागे पांढरं आकाश आणि पुढे काळ्याकुट्ट फांद्या. मोबाईलवर फोटो काढला आणि 'मेलेलं झाड' असं लिहून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात एकाने लिहिलं, "रस्त्यावर पडायच्या आत तोडायला अर्ज करूया." दोघांनी अंगठाही दिला.

दुसऱ्या दिवशी शेतमालक काका भेटले. फोटो बघून हसले. "अरं, वाळलंय कुठं? पांगारा हाय त्यो. शिमग्यापतुर थांब की." आणि खरंच, होळीच्या आधीच त्या फांद्या लालभडक फुलांनी भरून गेल्या.

झाड ओळखता आलं नाही ही चूक माझीच. पण ज्या खुणांवरून ते जिवंत आहे हे कळलं असतं, त्या सगळ्या माझ्या फोटोत काळ्या झाल्या होत्या. असं का होतं, ते समजून घेऊ.

फोन आकाश मोजतो, झाड नाही

कॅमेऱ्याला समोर झाड आहे की भिंत, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तो चौकटीतला सरासरी प्रकाश मोजतो आणि फोटो मध्यम उजेडाचा यावा असा प्रयत्न करतो. पानांनी भरलेलं झाड असेल तर हे जमतं. पण निष्पर्ण झाडाच्या चौकटीत बहुतेक जागा आकाशाची असते. फोनला वाटतं, उजेड फार झाला. तो प्रकाश कमी करतो, आणि आधीच काळपट असलेली साल पूर्ण काळी होते.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर खोडावर बोट टेकवा. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येईल, ती हळूहळू वर सरकवा. सालीच्या भेगा दिसायला लागल्या की थांबा. आकाश पांढरंफटक होईल, होऊ द्या. आपल्याला झाड बघायचंय. सूर्य तुमच्या पाठीमागे असेल अशा बाजूने उभं राहिलात तर निम्मं काम तिथेच होतं.

एचडीआरने भागेल का?

बऱ्याचदा भागतं. एचडीआरमध्ये फोन लागोपाठ अनेक फोटो घेतो आणि ते एकमेकांवर जुळवून एक फोटो बनवतो, म्हणजे आकाशही दिसावं आणि खोडही. पण वारा असेल तर प्रत्येक फोटोत बारीक फांदी थोडी वेगळ्या जागी असते. मग एकाच्या दोन फांद्या दिसतात, किंवा टोकं पुसल्यासारखी होतात. त्यामुळे वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी फोटो काढा.

पोर्ट्रेट मोड मात्र बंदच ठेवा. त्यात पुढचं काय आणि मागचं काय, याचा अंदाज बांधून फोन मागचा भाग धूसर करतो. माणसाच्या चेहऱ्याला हे बरं जमतं. काडीएवढ्या शंभर फांद्यांमध्ये अंदाज चुकतो आणि अर्ध्या फांद्या आकाशासोबत धूसर होतात.

फोटोत फांद्यांच्या कडेने पांढरी रेघ दिसत असेल तर ती फोनने फोटो 'शार्प' करताना आणलेली असते. प्रो मोडमध्ये रॉ फोटोची सोय असेल तर ती वापरा. साध्या जेपीजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १० बिटच्या रॉ फोटोत १०२४ असतात, म्हणून काळ्या भागातून तपशील नंतरही काढता येतो.

मेलंय की पानं झडलीत?

एका फोटोवरून हे ठरवू नका. तीन फोटो काढा: पूर्ण झाड, खोडाची साल जवळून आणि फांदीचं टोक झूम करून. टोकाला फुगीर कळ्या किंवा कोंब असतील तर झाड जिवंत आहे. पांगारा, काटेसावर, पळस ही आपल्याकडची झाडं पानं गाळून मगच फुलतात. साल पापुद्र्यांनी सुटत असेल, खोडावर अळंबी उगवली असेल, बारीक काडी न वाकता कटकन मोडत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. एखाद्या लहान फांदीवर नखाने हलकंसं खरवडून बघा. आत हिरवं असेल तर ती फांदी जिवंत आहे. एक फांदी कोरडी निघाली म्हणून मात्र सगळं झाड मेलं असं नाही. महिन्या-दीड महिन्याने त्याच जागी उभं राहून पुन्हा तसेच फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवले की बरंच काही कळतं.

फोटो पाठवताना

शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगी लागते. अशा अर्जासोबत किंवा तक्रारीसोबत फोटो जोडायचा असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली जागेची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. घरातले फोटो काढताना लोकेशन पुन्हा बंद करायला विसरू नका.

आणि झाड खरोखरच मेलेलं निघालं, तरी रस्त्यावर किंवा घरावर पडायचा धोका नसेल तर राहू द्यायला हरकत नाही. तांबट आणि सुतार पक्षी मऊ झालेल्या लाकडात ढोली कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, पिंगळा राहायला येतात. फोटो लांबून, झूमने काढा. वाऱ्यात त्याच्याखाली उभं राहू नका.

माझा तो काळा फोटो अजून फोनमध्ये आहे. ग्रुपवर मात्र त्याच्याखाली मी फुलांचा फोटो टाकला. अर्जाचा विषय परत कुणी काढला नाही.