पॅरिसचा कोच, सैलानीची हाजरी

मनोविश्लेषण ही एक सत्ता आहे, हा आरोप गाजला तो पॅरिसमध्ये. 1972 मध्ये देल्यूझ आणि ग्वात्तारी यांनी ‘अँटी-इडिपस’ लिहून विचारलं, की माणसाचं सगळं दुःख आई-बाप-मूल या तिघांत कोंबलं, तर बाहेरच्या व्यवस्थेला जाब कोण विचारणार? 1976 मध्ये मिशेल फुको यांनी विश्लेषकाच्या कोचाचं मूळ चर्चमधल्या कबुलीजबाबात दाखवलं. बोलायचं एकानं आणि त्याचा अर्थ लावायचा दुसऱ्यानं.

आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्येच कोलकात्यात मनोविश्लेषण संस्था काढली होती. पण तो कोच शहरी सुशिक्षितांचा. बुलढाणा जिल्ह्यात मन बिघडलं की लोक पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर येतात. होळीला मोठी यात्रा भरते, अंगावरून उतरवलेले नारळ होळीत पडतात. दर्ग्यात कुणी घुमू लागलं की त्याला हाजरी म्हणतात. ‘बाहेरचं आहे’ असा निवाडा इथंही दुसराच कुणी देतो. फुकोंना हे ओळखीचं वाटलं असतं.

6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यालगत आग लागली आणि साखळदंडात अडकलेले 28 रुग्ण जळून मेले. त्यानंतर देशभरच्या अशा ठिकाणांकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं-बांधणं गुन्हा ठरवलं. उशीरच झाला होता.

पण दर्ग्यातून सोडवलेल्या माणसाचं पुढं काय? हा प्रश्न पुण्याच्या भार्गवी दावर यांनी लावून धरला. त्या मूळच्या तत्त्वज्ञानाच्या. मनोविश्लेषणाला मानवविद्या मानावं का, यावर त्यांचं सहलेखनातलं पुस्तक 1995 चं. 1999 मध्ये त्यांनी बापू ट्रस्ट स्थापला. 2009 मध्ये मधुरा लोहोकरे यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर लिहिताना त्यांनी तिथं येणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, काय मिळतं ते गंभीरपणे पाहिलं. मनोरुग्णालयांतल्या सक्तीवरही त्या तितक्याच तुटून पडल्या. 2024 मध्ये त्या गेल्या.

मला त्यांचं सगळं पटत नाही. औषधानं सावरलेली माणसं मी नाकारू शकत नाही. तरी पॅरिसच्या पंडितांपेक्षा त्यांचा प्रश्न बुलढाण्याला जवळचा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधण्यावर सरसकट बंदी आणली. मात्र ‘बाधा’ म्हणा की ‘स्किझोफ्रेनिया’, रुग्णाची स्वतःची हकिकत कुठंच नोंदली जात नाही. पत्रकार मित्रांनो, येत्या होळीला सैलानीवर लिहाल तेव्हा मांत्रिक आणि डॉक्टर दोघांच्या आधी तिथं आणलेल्या बाईला विचारा, आणि ती सांगेल ते छापा.