घाम ठिबकतो, पण अंग गार होत नाही

सोलापुरात पहाटे कोणत्याही मैदानावर जा, पोलिस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. मोहोळ, मंगळवेढा, बार्शीकडेही हेच चित्र. चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. ‘आम्ही सोलापूरचे, ऊन आम्हाला काय करणार?’ असं ही मुलं म्हणतात. हे अर्धंच खरं आहे.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. रक्त ती त्वचेपर्यंत आणतं आणि घाम ती बाहेर टाकतो. मात्र अंग गार होतं ते घाम सुटल्यानं नव्हे, तो वाळल्यानं. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. जमिनीवर ठिबकलेला घाम जवळजवळ वाया जातो. शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं कमी होतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असल्यानं घाम चटकन वाळतो. मुंबईत जूनमध्ये तापमान आपल्या मे महिन्यापेक्षा कमी असतं, पण दमट हवेत घाम अंगावरच राहतो. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलिस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार दगावले होते, हे अनेकांना आठवत असेल. त्यामुळे इथला सराव तिथे पुरेलच असं धरून चालू नये.

शरीर उष्णतेला सरावतं, हेही खरं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत उष्माघातानं मजूर मरू लागले, तेव्हा नव्या मजुरांना टप्प्याटप्प्यानं उष्णतेत काम देण्याची पद्धत तिथे आली. उष्णतेत रोज थोडा व्यायाम केला, तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण रोज पहाटे गारव्यात धावणाऱ्याला हा सराव मिळत नाही. त्यानं थेट दुपारच्या उन्हात पूर्ण वेगानं धावू नये. चाचणीआधी दोन आठवडे सकाळी थोडं उशिरा, दहा-पंधरा मिनिटं हळू धावण्यापासून सुरुवात करावी. ताप, जुलाब असतील किंवा रात्रभर जागरण, प्रवास झाला असेल, तर त्या दिवशी जोर लावू नये.

धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे. व्यायामातल्या उष्माघातात घाम सुरू असू शकतो. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बर्फ मिळाला तर काखेत, मानेवर, जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. अंग जितकं लवकर गार होईल, तितकी जीव वाचण्याची शक्यता वाढते.

भरती पुढच्या वर्षीही निघेल. चक्कर येऊ लागली की थांबायचं, हे मुलांना घरातूनच सांगितलेलं असावं.